काकासाहेबांची फेरी

काकासाहेबांनी हातातली काठी चिंचेच्या बुंध्यावर दोनदा आपटली आणि सगुणाबाईचं वाक्य पुन्हा अर्ध्यावर तुटलं.

"ही पणजोबांच्या हातची," ते म्हणाले. "पटकीच्या सालात लावल्याली. निम्मं गाव गेलं त्या साली, पण झाड जगलं."

एवढं बोलून ते पुढं निघाले. सगुणाबाईनं खांद्यावरचा पदर ओढून घेतला आणि पाय उचलला. तिला पणजोबांशी काही देणंघेणं नव्हतं. आश्विन संपायला आठ दिवस उरले होते आणि आज ती तिसऱ्यांदा या बागेतून चालत होती. पहिल्या फेरीत तिला नऊ आंब्यांची नावं कळली होती. दुसऱ्या फेरीत बारव कोणी बांधली, तिला पायऱ्या किती आणि भर उन्हाळ्यात त्यातल्या किती उघड्या पडतात ते कळलं होतं. आज चिंचांची पाळी होती.

पिंपळसावंगीच्या जहागिरीत अर्ज कागदावर घ्यायची रीत नव्हती. काकासाहेबांचे वडील म्हणत, कागद आला की त्याच्या मागून वकील येतो. ज्याला काही मागायचं त्यानं माझ्या तोंडाकडं बघून मागावं. ते दरवाज्याजवळच्या कचेरीत बसून ऐकत, त्यांच्यामागं काकासाहेबही तसेच ऐकत आले. पण दोन वर्षांपासून कचेरीला कुलूप होतं. काकासाहेब रोज सकाळी बागेत फेरी घालत. मोठ्या दरवाज्यापासून चिंचांच्या रांगेतून खाली, मग दुधना नदीच्या काठाकाठानं पार बारादरीपर्यंत आणि त्याच वाटेनं परत. ज्याचं काम असेल त्यानं बरोबर चालायचं. मागं दहा पावलांवर कारभारी बद्रीनाथ, काखेत छत्री घेऊन. फेरी संपली की काकासाहेब हात जोडत, 'बघू' म्हणत आणि आत जात.

या 'बघू'वर गाव दोन वर्षं लोंबकळत होतं. आज बरोबर आलेला कडूबा बांधाच्या एका दगडासाठी वर्षभर चालत होता. त्याला आता त्याचं काही वाटेनासं झालं होतं. सीताफळं पिकल्याचा वास आला की तो थांबून नाक वर करी, आणि निवांत पुढं जाई.

सगुणाबाईला निवांत होता येत नव्हतं. नवरा गेल्यावर ती जालन्याला मावशीकडं राहून शिकली, परीक्षा झाली आणि तीन वर्षांपूर्वी भावाच्या घरी परतली. भावाच्या ओसरीवर तिनं मुलींचा वर्ग काढला. दिवाळी झाली की त्याच ओसरीत कापूस येई, थेट छतापर्यंत, आणि वर्ग बंद पडे. मागच्या साली बंद पडला तेव्हा नऊ मुली होत्या. संक्रांतीनंतर तिनं पुन्हा हाका मारल्या, तेव्हा पाच आल्या. न आलेल्या चौघींपैकी दोघींची लग्नं ठरली होती. यंदा अकरा होत्या. तालुक्याच्या साहेबानं सांगितलं होतं की दिवाळीच्या आत स्वतंत्र जागा दाखवा, तर शाळेच्या मंजुरीचं पाहता येईल.

आणि इथं बाराही कमानी सलग उभ्या असलेली, उजेडाची, कोरडी बारादरी रिकामी पडली होती.

पाऊसकाळ सरला होता. नदीचं पाणी खाली बसून नितळ झालं होतं आणि काठावर बरूचे पांढरे तुरे उन्हात हलत होते. चालणाऱ्याला सुख वाटावं अशीच सकाळ होती. त्यामुळं सगुणाबाईचा त्रागा आणखीच वाढत होता. वाटेत तिनं चारदा विषय काढला. एकदा काकासाहेबांनी मान डोलवली, तेव्हा तिला आशा वाटली; पण लगेच ते कवठाच्या झाडाबद्दल सांगू लागले. ते काही उद्धट नव्हते. ती बोलू लागली की किंचित हसत, डोळे बारीक करत, आणि तिचं संपण्याआधीच दुसरं काही सुरू करत. समोरचं माणूस जणू वाऱ्यानं हललेली फांदी असावं, तसं.

बारादरीत पोचल्यावर तिला राहवलं नाही. काकासाहेब कमानीच्या नक्षीकडं पाहत उभे होते. ती त्यांच्या मागं उभी राहिली आणि वर्गात शेवटच्या रांगेला ऐकू जावं त्याच्या दुप्पट आवाजात म्हणाली,

"काकासाहेब, ही जागा मला मुलींच्या शाळेला पाहिजे. हो म्हणा, न्हाई तर न्हाई म्हणा."

आवाज कमानी-कमानींतून फिरला. वरचे पारवे एकदम फडफडत उडाले. कडूबा दचकून खांबामागं सरला. काकासाहेबांनी मान वर केली.

"आज पारवे कामून उडाले?" ते म्हणाले. "साप निघाला की काय?"

अपमान कसा असतो ते तिला ठाऊक होतं. विधवा बाईला गावात तो शिकावा लागत नाही. पण हा असला अपमान तिनं पाहिला नव्हता. ती परतीच्या वाटेला लागली. पुन्हा यायचं नाही, असं तिनं मनाशी पक्कं केलं.

नदीकाठच्या अरुंद वाटेवर मागून म्हशी आल्या. पाण्याच्या वासानं त्या धावतच सुटल्या होत्या. गळ्यातल्या लोढण्यांचा खडखडाट, मागून गुराख्याची ओरड, "सरका, सरका हो." कडूबानं बांधावर उडी मारली. सगुणाबाई करवंदीच्या जाळीला पाठ लावून उभी राहिली. काकासाहेब मात्र वाटेच्या मधोमध, काठी टेकत, आपल्याच चालीनं चालत होते. बद्रीनाथ धावला. तो ओरडला नाही, हे सगुणाबाईच्या ध्यानात आलं. त्यानं पुढं होऊन काकासाहेबांच्या बाहीवरून काहीतरी झटकल्यासारखं केलं, सुरवंट असावा तसं, आणि झटकता झटकता त्यांना वाटेच्या कडेला घेतलं. पहिली म्हैस त्यांच्या धोतराला घासून गेली.

काकासाहेब जाणाऱ्या म्हशींकडं बघत राहिले.

"आज लवकर आल्या," ते म्हणाले.

सगुणाबाईनं बद्रीनाथकडं पाहिलं. त्यानं तिच्याकडं पाहिलं आणि अगदी जरा मान हलवली. बोलू नका.

दरवाज्यावर 'बघू' झालं, काकासाहेब आत गेले, कडूबा आपल्या वाटेनं गेला. सगुणाबाई थांबून राहिली. बद्रीनाथ पन्नाशी उलटलेला, सावकाश बोलणारा माणूस होता. आधी त्यानं टाळाटाळ केली, छत्री उघडून मिटली, मग कुलूप लावलेल्या कचेरीच्या पायरीवर बसला आणि सगळं सांगितलं.

दोन वर्षांपूर्वी काकासाहेबांना हिवताप आला, महिनाभर हटेना. डॉक्टरनं कोयनेल दिलं, लई दिलं. ताप गेला आणि ताप जाताना कान घेऊन गेला. काकासाहेबांनी कोणाला सांगितलं नाही. बद्रीनाथलासुद्धा नाही. बद्रीनाथला ते पाचव्या-सहाव्या दिवशी आपोआप कळलं. पण कळलं असं त्यानंही कधी दाखवलं नाही. काकासाहेबांना मूलबाळ नव्हतं. औरंगाबादचा पुतण्या टपून बसलेला होता. मालक नाकाम झाला असा अर्ज त्यानं हैदराबादेत टाकला की जहागीर सरकारी देखरेखीखाली जायला वेळ लागला नसता. म्हणून कचेरी बंद झाली आणि फेरी सुरू झाली. काकासाहेब सारखं बोलत राहत, म्हणजे दुसऱ्याला बोलायला फट राहू नये.

सगुणाबाईनं विचारलं, मग लिहून का दाखवत नाही? ते रोज दुपारी पोथी वाचतात, गावाला माहीत आहे.

बद्रीनाथनं एकदा कागद पुढं केला होता. काकासाहेबांनी तो वाचलासुद्धा नाही, नुसतं त्याच्या तोंडाकडं पाहिलं आणि 'आपल्याकडं कागद कधीपासून चालाय लागला' असं विचारलं. त्या नजरेत काय होतं ते बद्रीनाथला सांगता येईना.

"कागद ठेवणं म्हणजे तुम्हाला ऐकू येत न्हाई असं तोंडावर म्हणणं झालं," तो म्हणाला. "सत्तावीस वर्षं मी त्यांच्या मागं चालून राह्यलो, बाई. माझ्याच्यानं ते होणार न्हाई."

"आणि माझ्या अकरा पोरी?"

बद्रीनाथनं छत्री पुन्हा उघडून मिटली. तिला त्याचा रागही आला आणि त्याच्यावर रागावता येईना म्हणून आणखी राग आला. दोन म्हातारे एकमेकांचा मान राखत होते आणि सगळं गाव त्यांच्या मागं नदीकाठानं पायपीट करत होतं.

घरी आली तेव्हा तिचा आवाज बसायला लागला होता. बारादरीत ओरडल्यानं आधीच घसा सोलवटला होता. त्यात ओसरीच्या एका कोपऱ्यात कापसाची पहिली वेचणी येऊन पडली होती, वजनकाट्याचा गलका चालू होता आणि त्यावर आवाज चढवून तिनं पाढे घेतले. संध्याकाळपर्यंत नुसता खरखराट उरला. भावजयीनं, चतुराबाईनं, हळद-चुन्याचा लेप दिला, वरून फडकं बांधलं आणि तीन दिवस तोंड उघडायचं नाही अशी ताकीद दिली.

दुसऱ्या दिवशी सगुणाबाईनं वर्ग पाटीवर घेतला. ती लिही, मुली वाचत आणि मोठ्यानं उत्तर देत. पहिल्या घटकेत मुलींना हसू आलं, मग सवय झाली. दुपारी द्वारकाबाई नातीला न्यायला आली आणि उंबऱ्यातूनच काही विचारू लागली. सगुणाबाईनं गळ्याच्या फडक्याकडं बोट दाखवलं आणि पाटीवर उत्तर लिहून नातीच्या, झुंबरच्या हाती दिलं. झुंबरनं वाचून आजीला सांगितलं. द्वारकाबाई 'जपा बाई' म्हणून गेली. तिला त्यात काही वावगं वाटलं नाही.

सगुणाबाई बराच वेळ ती पाटी मांडीवर घेऊन बसली.

तिसऱ्या दिवशी घसा मोकळा झाला. चतुराबाई फडकं सोडायला आली, तेव्हा सगुणाबाईनं तिचा हात धरला.

"राहू द्या वहिनी, आणखी एक दिवस."

चौथ्या फेरीला कडूबा नव्हता. ज्वारीच्या पात्यांवरून दव ठिबकत होतं. काकासाहेब दरवाज्यातून बाहेर आले, त्यांनी हात जोडले, तिनंही जोडले. चिंचांच्या रांगेपर्यंत तिनं त्यांना बोलू दिलं. ते बोलायचे थांबले तशी ती दोन पावलं पुढं झाली, त्यांच्या समोर उभी राहिली आणि गळ्यावर हात ठेवून पाटी पुढं केली. मोठ्या, ठळक अक्षरात लिहिलं होतं :

घसा बसला आहे. बोलवत नाही. माफी असावी.

मागं बद्रीनाथची पावलं थांबली.

काकासाहेबांनी तिच्या तोंडाकडं पाहिलं. मग फडक्याकडं. मग पुन्हा तोंडाकडं, पुष्कळ वेळ. शेवटी त्यांनी बंडीच्या खिशात हात घातला, चष्मा काढला, एक काडी कानामागं, मग दुसरी.

"घसा वाईट," ते म्हणाले. "गरम पाणी घ्या. काय म्हणणं आहे?"

तिनं हातानं पाटी पुसली आणि लिहिलं. मुलींची शाळा. बारादरी द्यावी.

काकासाहेबांनी ते वाचलं. मग विचारलं, पोरी किती? तिनं आकडा लिहिला. कोणाकोणाच्या? तिनं नावं लिहिली. पाटी भरली, पुसून पुन्हा लिहिली. कडूबाच्या नातीचं नाव वाचून ते म्हणाले, "कडूबा कामून बोलला न्हाई मला?" आणि लगेच गप्प झाले. ते आता चालतही नव्हते. वाटेच्या मधोमध उभे राहून एकामागून एक प्रश्न विचारत होते. ते प्रश्न असे नेमके होते की सगुणाबाईला आश्चर्य वाटलं. हा माणूस असा ऐकत असे तर, हे तिला पहिल्यांदा कळलं.

"बारादरी बिलकुल न्हाई," ते म्हणाले. "श्रावणात पाणी कमानीला लागतं."

तिनं लिहिलं, श्रावणात सुट्टी.

"साप असत्यात."

गावातही असतात.

"पोरी इतक्या लांब एकट्या येणार न्हाईत."

मी आणीन. मी सोडीन.

"हट्टी आहात," काकासाहेब म्हणाले. "आणि शिकून करणार काय पोरी?"

सगुणाबाईच्या हातात पेन्सिलीचा तुकडा होता, तो तिनं इतका दाबला की मोडला. हे तिला तीन वर्षांत पन्नास जणांनी विचारलं होतं. उरलेल्या बोटभर तुकड्यानं तिनं लिहिलं, आधी वाचतील. मग त्यांनाच विचारा.

त्यांनी ते दोनदा वाचलं. ओठ हलताना तिला दिसले. मग चष्मा न काढता ते वळले. बारादरीकडं नव्हे, उलट दरवाज्याकडं. फेरी अर्ध्यात सोडल्याचं सगुणाबाईनं कधी ऐकलं नव्हतं. ती मागोमाग गेली. एवढं करून शेवटी 'बघू'च ऐकायचं, असं तिला वाटलं आणि हातातली पाटी जड झाली.

कचेरीसमोर ते थांबले. कुलपावर गंज चढला होता, चौकटीच्या वर चिमण्यांनी काड्या भरल्या होत्या.

"बारादरी न्हाई," ते पुन्हा म्हणाले. "ही घ्या. जमीन कोरडी आहे, दोन खिडक्या आहेत, गावाच्या तोंडाशी आहे. पोरींना आणायची-सोडायची गरज न्हाई." मग जरा थांबून, "इथं आता काही काम न्हाई."

सगुणाबाई पाटी धरून उभी राहिली. बद्रीनाथनं न सांगताच कनवटीची किल्ली काढली होती. काकासाहेबांनी ती घेतली आणि तिच्या हातावर ठेवली. तालुक्याच्या साहेबाला दाखवायला कागद लागेल, असं तिनं लिहिलं. ते म्हणाले, कागदावर सही करतो, दुपारी माणूस पाठवा. पिंपळसावंगीच्या जहागिरीत जागेसाठी दिलेला तो पहिलाच कागद असणार होता.

मग ते तिला घेऊन चार पावलं बाजूला, नदीकडच्या भिंतीशी गेले. बद्रीनाथ रीतीप्रमाणं दहा पावलांवर थांबला. काकासाहेब तिच्याकडं झुकले आणि हळू बोलायचं म्हणून बोलले. पण आपला आवाज किती मोठा निघतो ते त्यांना दोन वर्षांत कळलेलं नव्हतं. पलीकडच्या काठावर धुणं धुणाऱ्या बाईनंही मान वर केली.

"मागच्या तीन बारीला तुम्ही हेच सांगून राह्यल्या होत्या?"

तिनं मान हलवली. हो.

"बद्रीनाथाला ठाऊक आहे का?"

सगुणाबाईनं खांद्यावरून मागं पाहिलं. बद्रीनाथचं तोंड उन्हात होतं आणि त्यानं सगळं ऐकलं होतं. तिनं पाटी पुसली. पेन्सिलीचा तुकडा आता चिमटीत जेमतेम मावत होता. तिनं एकच शब्द लिहिला आणि पाटी फक्त त्यांनाच दिसेल अशी धरली.

नाही.

काकासाहेबांनी मोठा श्वास सोडला. चष्मा काढून त्यांनी धोतराच्या सोग्यानं पुसला.

"बरं झालं," ते तशाच आवाजात म्हणाले. "त्याला कळू देऊ नका. लई जीव आहे त्याचा माझ्यावर. मनाला लावून घेईल."

सगुणाबाईनं मान डोलवली. तिकडं बद्रीनाथ छत्री बाजूला ठेवून, एका पायावर उभा राहून, खाली मान घालून तळपायातला काटा काढू लागला होता. काटा बराच खोल गेला असावा. काकासाहेब आत निघून गेले तरी त्यानं मान वर केली नाही.